उष्ट्या चमच्याचे काय करायचे?

रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात पाऊल ठेवायला जागा नसते. अनोळखी माणसांनी एकाच टेबलाला बसणे हा तिथला रिवाजच. टेबलाच्या मध्यभागी कांदा-लिंबाची ताटली आणि हवा तेवढा घ्यावा म्हणून ठेवलेली रश्श्याची बादली. समोरचा गृहस्थ तोंडातून काढलेला चमचा त्याच बादलीत बुडवतो, तर्री वरून निगुतीने काढून घेतो आणि पुन्हा खाण्यात गढून जातो. आजूबाजूच्या तिघाचौघांनी ते पाहिलेले असते. कोणी काही बोलत नाही. फार तर एकजण रस्सा घ्यायचा बेत रद्द करतो.

हॉटेलातील अस्वच्छता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भटारखाना येतो, कळकट फडके येते, पाण्याच्या पेल्यात बोटे बुडवून पाच पेले एका हाताने आणणारा पोऱ्या येतो. त्यावर तक्रारी होतात, बातम्याही होतात. परंतु टेबलाच्या या बाजूला बसलेल्यांचे काय? जगाला थेट तोंड लावून पाणी पिणारे, जेवलेल्या ताटातच हात धुऊन वर चूळ भरणारे, वॉश-बेसिनपाशी खाकरून साऱ्या पंगतीला साक्षीदार करणारे, कापडी नॅपकिनमध्ये नाक शिंकरणारे, तान्ह्या बाळाचे लंगोट टेबलावरच बदलणारे आणि निघताना ओल्या बोटांनी बडीशेपेच्या वाटीत चाचपणारे. यातील एखादा तरी प्रकार न पाहिलेला शहरी वाचक विरळा.

गंमत अशी की, उष्ट्या-खरकट्याचा जेवढा बारीक विचार मराठी घरांत झाला आहे, तेवढा फार थोड्या ठिकाणी झाला असेल. वाढायचा डाव वेगळा, पाणी वरून प्यायचे, उष्टा हात भांड्याला लावायचा नाही, हे घरातील पोराला चौथ्या वर्षी कळते. तोच पोर मोठा होऊन हॉटेलात येतो, तेव्हा हे सारे उंबऱ्याबाहेर राहते. पैसे मोजले की भांडे आपले नसते आणि ते घासणारी आई किंवा बायकोही तिथे नसते, एवढाच काय तो फरक.

किळस वेगळी, धोका वेगळा

इथे एक भेद केला पाहिजे. जे पाहून मळमळते, ते सर्वाधिक घातक असतेच असे नाही. बेसिनवरील गुळण्यांचा आवाज जेवणाची चव घालवतो, पण लांबच्या टेबलावर बसलेल्याला त्यातून आजार होण्याचा संभव कमी. उलट बडीशेपेच्या वाटीतील बोटे कोणाच्या लक्षातही येत नाहीत आणि खरी काळजी त्यांचीच करायला हवी. विषमज्वर, हिपॅटायटिस ए म्हणजे एक प्रकारची कावीळ, आणि उलट्या-जुलाबांची साथ आणणारा नोरोव्हायरस हे तिन्ही मुख्यतः न धुतलेल्या हातांवाटे, दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कणही आजारी पाडायला पुरतात. टेबलाच्या पृष्ठभागावर तो कित्येक दिवस तग धरतो आणि हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या जेलला तो फारसा दाद देत नाही. त्यासाठी साबण आणि वाहते पाणीच लागते.

समोरचा माणूस धडधाकट दिसतो, यावरही विसंबता येत नाही. हिपॅटायटिस ए झालेल्याकडून संसर्गाचा धोका डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. तेव्हा त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. म्हणून नियम सोपा आहे: जे पुन्हा शिजणार नाही आणि अनेकांच्या हातांतून जाणार आहे, त्याची काळजी सर्वांत जास्त. चटणी, कोशिंबीर, कांदा, लिंबू, बडीशेप आणि बुफेतील सॅलड. अमेरिकेत बुफेच्या पदार्थांवर शिंका-खोकल्यापासून बचाव म्हणून काचेचे तिरके आवरण लावण्याची पद्धत गेल्या शतकाच्या मध्यापासूनच रुळली. आपल्याकडे लग्नातील बुफेत अजूनही एकच चमचा रायत्यातून गुलाबजामकडे प्रवास करतो.

सामाईक भांडे किती असुरक्षित असते, याचा सर्वांत भयंकर धडा १९८४ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात मिळाला. एकेकाळी पुण्याच्या कोरेगाव पार्कात वस्ती असलेल्या रजनीश पंथाच्या काही अनुयायांनी द डॅलेस या गावातील १० उपाहारगृहांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळले. ७५१ जण आजारी पडले. ते कृत्य हेतुपुरस्सर होते. पण उघड्या भांड्याला हेतू कळत नाही.

कायदा कोणाला विचारतो?

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा. तो प्रत्यक्ष अमलात आला २०११ मध्ये. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार करणाऱ्याला त्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वरासारख्या रोगांविरुद्ध लसीकरण हवे, असेही नियम सांगतात. हे सारे बंधन मालकावर आणि नोकरांवर. गिऱ्हाइकाने हात धुतले की नाही, हे विचारणारे कलम त्यात नाही. जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरेल असे निष्काळजी कृत्य करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण उष्ट्या चमच्यासाठी ते कोणी लावील, ही कल्पनाच हास्यास्पद आहे.

परदेशात मात्र काही प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. जपानमधील सुशिरो या साखळीच्या गिफू येथील शाखेत एका मुलाने सॉसच्या बाटलीचे तोंड आणि चहाचे पेले चाटल्याची चित्रफीत जानेवारी २०२३ मध्ये पसरली. कंपनीच्या समभागांची किंमत घसरली. तिने सुमारे ६ कोटी ७० लाख येनची भरपाई मागितली. पुढे त्याच वर्षी हे प्रकरण तडजोडीने मिटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये शांघायच्या हायडिलाओ उपाहारगृहात १७ वर्षांच्या दोन मुलांनी टेबलावरील रश्श्यात लघवी केली. कंपनीने त्या काळात तिथे जेवलेल्या चार हजारांहून अधिक गिऱ्हाइकांना भरपाई दिली आणि न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मुलांच्या पालकांना २२ लाख युआन भरायला लावले. ही टोकाची उदाहरणे. आपल्या रोजच्या प्रश्नाला त्यांतून उत्तर मिळत नाही.

बोलायचे कसे?

मुंबईच्या जुन्या इराण्यांनी उत्तर पाटीवर लिहून टाकले होते. काय करू नये याच्या त्यांच्या याद्या इतक्या प्रसिद्ध होत्या की, कवी निस्सीम इझिकेल यांनी त्यांवर इंग्रजीत कविताच रचली. पाटीचा फायदा हा की ती सर्वांना उद्देशून असते, कोणाचा अपमान होत नाही. आज हॉटेले सजावटीवर लाखो खर्च करतात, पण 'बडीशेप चमच्याने घ्यावी' एवढे लिहायला आणि तो चमचा ठेवायला त्यांचा हात आखडतो. वेटरने गिऱ्हाइकाला टोकावे, ही अपेक्षाही अन्यायाची आहे. टोकले तर गिऱ्हाईक मालकाकडे जाते, मालक गिऱ्हाइकाची बाजू घेतो आणि पगार कापला जातो तो वेटरचा.

म्हणून बोलायचे असेल तर ते गल्ल्यावर, हळू आवाजात, आणि माणसाविषयी नव्हे तर भांड्याविषयी. "ही बादली बदलून द्या, त्यात उष्टा चमचा गेलाय" एवढे पुरे असते. कोण, कोणत्या टेबलावर, हे सांगायची गरज नसते. समोरच्याशी थेट बोलायची वेळ आलीच, तर वाढायचा डाव उचलून "काका, हा घ्या" म्हणत पुढे करावा. दहांपैकी नऊजण ओशाळून तो घेतात. लहान मूल असेल, तर मुलाला नव्हे, आईवडिलांना सांगावे. तेही मुलाच्या काळजीच्या सुरात, कारण लोकांच्या हातांचा संसर्ग त्यालाही व्हायचाच असतो.

मात्र कोणाविषयी बोलतो आहोत, हे स्वतःशी तपासून घ्यावे लागते. या देशात 'स्वच्छता' हा शब्द माणसांना पंगतीतून उठवण्यासाठी शतकानुशतके वापरला गेला आहे. चहाच्या टपरीवर दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची पद्धत अनेक गावांत होती. सार्वजनिक उपाहारगृहांत सर्वांना प्रवेश, हे राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात मुद्दाम लिहावे लागले ते उगाच नव्हे. तेव्हा मळका सदरा, घामाचा वास, हाताने कालवून खाणे, बोटे चाटणे हे तक्रारीचे विषय नाहीत. स्वतःच्या ताटात कोणी कसेही जेवावे. कामावरून थेट आलेल्या मजुराने साबणाने हात धुतले असतील आणि गाडीतून उतरलेल्या साहेबांनी धुतले नसतील. आक्षेप फक्त सामाईक भांड्यात गेलेल्या चमच्याला, हाताला आणि तोंडाला.

आणि वेळही महत्त्वाची. बिल देताना केलेली तक्रार मालक हसून ऐकतो आणि विसरतो. तोपर्यंत ती बादली पुढच्या टेबलावर पोहोचलेली असते.