३४ अंशांचा हिशेब

लग्नमंडपातून निघताना हातावर एक छोटीशी डबी ठेवतात. आत सोनेरी चांदीत गुंडाळलेली दोन चॉकलेटं, वर वधूवरांची नावं. कुणीतरी घरच्या ओट्यावर केलेल्या या डबीला पन्नास रुपये घ्यावेत की शंभर? प्रश्न व्यवहाराचा खरा, पण त्याच्या मुळाशी निसर्गाची एक थक्क करणारी करामत आहे.

चॉकलेटमधलं कोको बटर थंड होताना त्याचे स्फटिक सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी बनू शकतात. पदार्थ एकच, घडणी सहा! त्यातली आपल्याला हवी ती पाचवी. तिच्यामुळेच चॉकलेटला चकाकी येते, तुकडा कट्‌कन मोडतो, आणि ती वितळते साधारण ३४ अंशांना. आपल्या अंगाचं तापमान ३७. म्हणून तर बशीत ताठ बसलेलं चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळतं.

ही पाचवी घडण साधायला डार्क चॉकलेट ४५ अंशांच्या पुढे तापवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणून साच्यात ओतायचं. याला टेंपरिंग म्हणतात. ते बिघडलं की वर पांढुरके डाग उमटतात. पाहुण्यांना ती बुरशी वाटते, असतं मात्र कोको बटरच. वितळवताना भांड्याखाली ठेवलेल्या पातेल्यातल्या पाण्याचे चार थेंब उडाले तरी वितळलेलं चॉकलेट आळून त्याचा गोळा होतो.

कंपाउंड चॉकलेटला ही यातायात नाही. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, दरही कमी. ते जरूर वापरावं, पण गिऱ्हाइकाला तसं सांगून. कंपाउंडला अस्सल चॉकलेटचा भाव लावणं मला मुळीच पटत नाही.

आता हिशेब. समजा, २०० डब्या, प्रत्येकीत १२ ग्रॅमची दोन चॉकलेटं. म्हणजे ४.८ किलो, सांडलवंड धरून ५.३. किलोला हजार रुपये धरले तर डबीमागे साडेसव्वीस रुपये. डबी, चांदी, रिबन, नावाची पट्टी यांचे १५. बहुतेकजणी इथेच थांबतात. पण एक चॉकलेट गुंडाळायला अर्धं मिनिट आणि डबी भरून रिबन बांधायला दोन मिनिटं धरा: ४०० चॉकलेटं, २०० डब्या, नुसत्या बांधणीचेच दहा तास झाले! वितळवणं, ओतणं, साच्यातून काढणं यांचे आणखी सहा. तासाला १५० रुपये म्हटले तरी डबीमागे १२ रुपये मजुरी. साडेत्रेपन्न झाले, आणि वीज, वाहतूक, नफा अजून धरलेलाच नाही.

शिवाय कच्च्या मालाचा भाव आपल्या हातात नाही. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांत पिकतो. तिथं पावसानं आणि झाडांच्या रोगांनी पीक बसलं, आणि डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. आफ्रिकेतल्या पावसाचा धक्का सांगलीतल्या लग्नाच्या डबीपर्यंत पोचतो, तो असा.

तेव्हा ऑर्डर घेताना दर किती दिवसांपुरता आहे ते लिहून द्या आणि मजुरी वेगळी मांडा. वैशाखातलं लग्न नागपूरचं असेल, तर एसी आणि बर्फाच्या पेटीचे पैसे बिनधास्त लावा. तिथं पारा ३४ च्या कितीतरी वर असतो.