पंधरवड्याची सुई आणि छातीचा फोटो

संधिवात आणि सोरायसिस या दोन्हींवर चालणारं अॅडालिमुमॅब हे इंजेक्शन साधारण दर पंधरवड्याला ४० मिलिग्रॅम घेतात. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायचं, बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर किंवा मांडीवर टोचायचं, सोरायसिसचा चट्टा टाळायचा. टोचल्या जागी लाली, खाज, सूज येते आणि बहुतेकदा आपोआप जाते. रुग्ण विचारतो तो या सुजेबद्दल. खरी काळजी मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या क्षयाची करायला हवी. २०१४च्या डिसेंबरात झायडस कॅडिलाने या औषधाची भारतीय आवृत्ती अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात आणली, हे चांगलंच झालं. पण औषध स्वस्त झालं म्हणून त्याआधीच्या तपासण्यांना फाटा देता येत नाही.

शरीरातला टीएनएफ हा घटक सांध्यांत आणि त्वचेत दाह पेटवतो, तसाच तो फुप्फुसात दडलेल्या क्षयजंतूंभोवतीचं कुंपणही टिकवतो. सुई त्यालाच अडवते. याच जातीच्या इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्याहून अधिकांना तो फुप्फुसाबाहेर झाला होता. आपल्याकडे तर २०१९–२१च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाचा संसर्ग आढळला. म्हणून नांदेड-लातूरमध्ये पहिल्या सुईआधी छातीचा फोटो आणि दडलेला संसर्ग शोधणारी मांटू किंवा इग्रा तपासणी व्हायलाच हवी, हिपॅटायटिस बीचीही. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था आहे; छातीच्या फोटोसाठी मुंबई-पुण्याला जायचं कारण नाही.

यावर डॉक्टरांचा एक आक्षेप रास्त आहे. संसर्ग निघाला तर आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध द्यावं लागतं. संधिवाताच्या रुग्णाचं मेथोट्रेक्सेट अनेकदा आधीच चालू असतं, म्हणजे यकृतावर दुहेरी भार. पण यकृताचा त्रास रक्ततपासणीत वेळीच कळतो, ती तालुक्यालाही होते. पोटातला किंवा मणक्यातला क्षय मात्र खोकल्याशिवाय वाढतो आणि नुसता ताप म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो. तपासणी निर्दोष आली तरी पूर्ण हमी नाही, हेही खरं. त्यामुळे सुई चालू असताना रोज संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, तर पुढची सुई थांबवून डॉक्टरांना गाठायचं.

दुसरा आक्षेप असा की एवढं सांगितलं तर माणसं घाबरून पुड्या देणाऱ्यांकडे जातील. जातीलही, आणि तो धोका लहान नाही: पुडीत स्टेरॉइड असेल तर ती अचानक थांबल्यावर सोरायसिस पू भरलेल्या फोडांनी उसळू शकतो. पण दुष्परिणाम लपवून रुग्ण टिकत नाही. कल्पना न दिलेला पहिलाच ताप त्याला औषधापासून कायमचा तोडतो.

मराठवाड्यापुरती आणखी एक बाब म्हणजे उन्हाळा. हे औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं, गोठता कामा नये. मे महिन्यात किनवट किंवा निलंग्याला नेताना मेडिकलवाल्याकडून थंड पेटी मागून घ्या, बर्फाला चिकटवून ठेवू नका. आणि त्रास झालाच तर डॉक्टरांना दाखवाच, शिवाय औषध-दुष्परिणामांच्या राष्ट्रीय नोंदणीला १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. ही नोंद रुग्णालाही करता येते.