इंजिनिअरिंगनंतर हॉटेल किंवा पर्यटन : उडी मारण्याआधी



गणपती असो वा कोजागिरी, दुबईतल्या आपल्या कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. "भाचा पुण्याला मेकॅनिकल झालाय, पण म्हणतो हॉटेल लाइनमध्ये जायचंय. इकडे काही होईल का?" विचारणाऱ्या काका-काकूंच्या मनात चार वर्षांची फी असते, बँकेचे कर्ज असते आणि "लोक काय म्हणतील" हेही असतेच. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळे एकत्र लिहावे, असे आम्ही ठरवले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: पदवी वाया जात नाही, पण ती सगळीकडे सारखी चालतही नाही. कोणत्या दाराने आत शिरायचे, यावर पुढची पाच वर्षे ठरतात.

पदवी जिथे चालते

पहिले दार हॉटेलच्या इंजिनिअरिंग विभागाचे. चिलर, बॉयलर, लिफ्ट, फायर अलार्म, लाँड्रीची यंत्रे, किचनचा एक्झॉस्ट हे सगळे या विभागाकडे. ऑगस्टमध्ये दुबईत एसी बंद पडला तर हॉटेल तासाभरात रिकामे व्हायला लागेल, त्यामुळे चीफ इंजिनिअरच्या शब्दाला वजन असते. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना इथे शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मात्र पाहुण्यांशी बोलणे, त्यांची सरबराई करणे याची ज्याला आवड आहे, त्याचे मन इथे रमेलच असे नाही.

दुसरे दार रेव्हेन्यू मॅनेजमेंटचे. हे आपल्याकडे फारसे माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हॉटेलची खोली ही भाजीपेक्षाही नाशवंत. आज रात्री रिकामी राहिली तर ती उद्या विकता येत नाही. समजा हॉटेलात २०० खोल्या आहेत, त्यांपैकी १५० गेल्या आणि सरासरी भाडे ४०० दिरहम मिळाले. म्हणजे भरणा ७५ टक्के आणि उपलब्ध खोलीमागे उत्पन्न ३०० दिरहम. आता भाडे ३४० वर आणले आणि १८० खोल्या गेल्या, तर खोलीमागे ३०६ दिरहम होतात. फायदा झाला असे वाटते, पण ३० जास्त खोल्यांची सफाई, लाँड्री आणि नाश्ता धरला तर कदाचित तोटाच. कोणत्या तारखेला, कोणत्या ग्राहकाला, किती दर द्यायचा हे रोज ठरवणे हेच या विभागाचे काम. आकडेमोड आणि एक्सेल ज्याच्या हाताखालचे आहे, त्या इंजिनिअरला इथे वाव आहे. तरीही बहुतेक हॉटेले आधी रिझर्व्हेशन किंवा फ्रंट ऑफिसचा अनुभव मागतात.

तिसरे दार ट्रॅव्हल टेक्नॉलॉजीचे. विमानाची तिकिटे संगणकावर आणणारी 'सेबर' ही यंत्रणा १९६० च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून उभी केली. आपल्याकडे २००६ साली 'रेडबस' सुरू करणारे तिघेही बिट्स पिलानीचे इंजिनिअर. कॉम्प्युटर किंवा आयटी झालेल्यांनी या दाराकडे आधी पाहावे.

पदवी जिथे चालत नाही

फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि रेस्टॉरंट इथे बी.ई. म्हणून कोणी वेगळा पगार देत नाही. शेजारी उभा असलेला फिलिपिन्स किंवा नेपाळचा मुलगा वयाने लहान आणि कामाला सरस असू शकतो. त्याच्याकडून शिकायची तयारी हवी. आठवड्यात सहा दिवस काम, बरेचदा स्प्लिट शिफ्ट, आणि दिवाळीला सुट्टी मिळेलच असे नाही. पण हॉटेलचे जनरल मॅनेजर बहुतेक याच विभागांतून किंवा सेल्समधून वर आलेले असतात, हेही लक्षात ठेवावे.

पुन्हा शिकायचे तर

दादरचे हॉटेल मॅनेजमेंटचे इन्स्टिट्यूट १९५४ पासून सुरू आहे. पण बारावीनंतरची तीन-चार वर्षे पुन्हा काढण्याची प्रत्येकाला गरज नाही. राष्ट्रीय हॉटेल मॅनेजमेंट परिषदेचा अकोमोडेशन ऑपरेशन्सचा दीड वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा कोणत्याही पदवीधराला करता येतो. पर्यटनाकडे ओढा असेल तर ग्वाल्हेरला मुख्यालय असलेल्या, १९८३ साली स्थापन झालेल्या भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थेत एमबीए आहे. दुबईत टूर गाइड व्हायचे तर अर्थव्यवस्था आणि पर्यटन खात्याचे लायसन्स लागते. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते, नुसते इंग्रजी चांगले असून भागत नाही.

ऑफर लेटर हातात आल्यावर

दुबईत २०२४ साली सुमारे १ कोटी ८७ लाख परदेशी पाहुणे मुक्कामाला आले. नोकऱ्या आहेत, म्हणूनच फसवणारेही आहेत. पुढच्या गोष्टी नीट पाहा.

• एकूण आकड्याला भुलू नका, बेसिक किती ते पाहा. वर्ष पूर्ण झाल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांच्या बेसिकवर मोजतात. बेसिक २००० दिरहम असेल तर तीन वर्षांनी साधारण ४२०० हातात येतील, मग एकूण पगार ३५०० का असेना.

• राहणे, ड्युटीवरचे जेवण, बस आणि घरी जाण्याचे तिकीट लेखी आहे का? खोलीत किती जण, हेही विचारा. पगार कमी वाटला तरी या सोयींमुळे शिल्लक बरी पडू शकते.

• २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या कामगार कायद्यानुसार प्रोबेशन सहा महिन्यांहून जास्त नसते. त्या काळात इथल्याच दुसऱ्या कंपनीत जायचे तर एक महिन्याची नोटीस द्यावी लागते.

• भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कंपनीने करायचा असतो. "व्हिसाचे पैसे भरा" म्हणणाऱ्या एजंटला हात जोडा.

• व्हिजिट व्हिसावर एक दिवसही काम करू नका. तो गुन्हा आहे.

• पदवीचे अटेस्टेशन भारतातूनच करून आणा. राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएईची वकिलात असा तो क्रम असतो. इथे आल्यावर ते करताना वेळही जातो आणि पैसाही.

निर्णयाआधी दोन गोष्टी

एक, मुलाने किंवा मुलीने लग्नसराईत गावातल्या एखाद्या हॉटेलच्या बँक्वेटमध्ये महिनाभर काम करावे. दहा तास उभे राहून, कोणी ओरडले तरी चेहऱ्यावर हसू ठेवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटले तर ती खरी आवड. नाही वाटले तर एक महिना गेला, दोन वर्षे वाचली.

दोन, शैक्षणिक कर्ज असेल तर पहिली दोन वर्षे हप्ता कोण भरणार हे घरात बसून मोकळेपणाने ठरवा. बरेचदा मुले हॉटेलचे काम जमत नाही म्हणून परतत नाहीत, हप्ता जमत नाही म्हणून परततात.

आणि काका-काकूंना एक विनंती. हॉटेलात काम म्हणजे कपबशा विसळणे, हे वाक्य आता मागे ठेवू या. परक्या माणसाला घरच्यासारखे वाटायला लावणे ही कला आपल्याकडे आजीपासून चालत आली आहे. तिचा पगार मिळत असेल तर त्यात कमीपणा कसला?

हॉटेल आणि ट्रॅव्हल क्षेत्रात काम करणारे आपले काही सभासद नवीन मुलांशी बोलायला तयार आहेत. पुढच्या कार्यक्रमात कार्यकारिणीपैकी कोणालाही भेटा, गाठ घालून देऊ.

आपले,
संपादक मंडळ