हवेवर उभी गाडी आणि तारेतला दोष

सुमारे दोन टनांची गाडी रबरी फुग्यांमधल्या हवेवर तोललेली असते आणि ती हवा किती भरायची, हे पाच व्होल्टच्या आतला एक क्षीण सिग्नल ठरवतो. एअर सस्पेन्शनची कल्पना जुनी आहे. 1957 सालच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअममध्येही स्टीलच्या स्प्रिंगांऐवजी हवाच होती. मात्र पुढे सेन्सर आणि कॉम्प्युटर आले, तेव्हा बिघाडाचे स्वरूपही पालटले. गळणारी हवा फुसफुसते, साबणाच्या पाण्यात बुडबुडे काढते. तारेतला दोष मात्र शोधूनच काढावा लागतो.

1994 साली आलेली दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर, म्हणजे जाणकारांची 'पी-38', या बाबतीत उत्तम पाठ्यपुस्तक आहे. तिच्या चारही चाकांपाशी उंची मोजणारा एकेक सेन्सर असतो. त्यात एका पट्ट्यावर बारीक संपर्क सरकतो आणि चाक वरखाली होईल तसे व्होल्टेज बदलते. गंमत अशी, की गाडीचे बहुतेक आयुष्य एकाच उंचीवर जात असल्याने पट्टाही नेमका तिथेच झिजतो. त्या जागी संपर्क क्षणभर तुटला, की कॉम्प्युटरला वाटते, चाकाने अशक्य उडी मारली. तो काम थांबवतो आणि ताशी 35 मैलांच्या वर जाऊ नका, असा इशारा पडद्यावर झळकतो. यानंतर सेन्सर बदलला तरी कॉम्प्युटर रुसलेलाच राहतो. निदानयंत्र जोडून नोंद पुसल्याशिवाय गाडी उठत नाही.

असा सेन्सर तपासायचा तर त्याचा दांडा चाकाच्या जोडणीतून सोडवून हाताने सावकाश फिरवावा आणि सिग्नलच्या तारेवर मीटर लावावा. व्होल्टेज सलग चढले-उतरले पाहिजे. मध्येच झटका बसला, तर पट्टा झिजला. अंकांचा मीटर हा झटका गिळून टाकू शकतो. जुना काट्याचा मीटर किंवा ऑसिलोस्कोप तो पकडतो. नंतरच्या अनेक गाड्यांत घर्षण नसलेले सेन्सर आले. ही झीज थांबली, पण चाकाच्या कमानीत चिखलपाणी खाणारे कनेक्टर तसेच राहिले. त्यांच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि ओल तांब्याच्या धाग्यांमधून आवरणाखाली आतपर्यंत झिरपते.

सर्वाधिक फसवणूक होते ती कंप्रेसरच्या तारेत. कंप्रेसर चालत नाही म्हणून मेकॅनिक कनेक्टर काढून मीटर लावतो. पूर्ण 12 व्होल्ट दिसतात. मग कंप्रेसरच गेला, असा निकाल लागतो. पण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. मध्येच अरुंद झालेल्या पाइपातही नळ बंद असताना दाब पूर्णच भरतो, तसेच हे. कंप्रेसरला 20 अँपिअर लागत असतील आणि अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टपाशी 0.1 ओहम रोध असेल, तर तिथेच दोन व्होल्ट खर्ची पडतात आणि 40 वॉट उष्णता तयार होते. म्हणून सगळे जोडलेले ठेवून, कंप्रेसरला हुकूम देऊन, बॅटरीच्या ऋण टोकापासून कंप्रेसरच्या अर्थपर्यंत किती व्होल्ट दिसतात ते मोजावे. माझ्या मते ही एक चाचणी महागड्या स्कॅनरच्या कोडहून अधिक सांगते. कॉम्प्युटरला संशय कुठे आला एवढेच कोडवरून कळते. दोष तार, पिन, अर्थ की सुटा भाग, हे मीटरच दाखवतो. आणि या सगळ्याआधी बॅटरी तपासावी, कारण मरगळलेली बॅटरी खोटे कोड भरपूर निर्माण करते.

कधी मूळ दुखणे हवेचे असते आणि लक्षण विजेचे. फुगा गळतो, कंप्रेसर जादा चालतो, रिलेचे पॉइंट तापून चिकटतात. मग कंप्रेसर थांबतच नाही आणि जळतो किंवा फ्यूज उडतो. नवा कंप्रेसर बसवून जुना रिले तसाच ठेवणाऱ्याला दुसऱ्यांदा खर्च करावा लागू शकतो.

अशीच आणखी एक फसगत होते. पी-38चा कॉम्प्युटर उभ्या गाडीतही अधूनमधून जागा होऊन इतर कोपरे सर्वांत खालच्या कोपऱ्याशी जुळवून घेतो. एकच फुगा गळत असला, तरी सकाळी सगळी गाडी बसलेली दिसते आणि खापर वायरिंगवर फुटते. अनुभवी लोक रात्री एअर सस्पेन्शनच्या यंत्रणेचा रिले काढून ठेवतात. सकाळी जो कोपरा खाली बसलेला दिसेल, तिथली हवा गळते आहे.

ही सर्व तपासणी करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. हवेच्या भरवशावर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. स्कॅनरच्या एका हुकुमाने किंवा एखादी तार हलल्याने झडप उघडली, की गाडी खाली येते. आधी चॅसिसखाली मजबूत स्टँड लावा, मगच मीटर हातात घ्या.