समुद्र आपल्या खाचरात कसा येतो?



मागच्या बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारलं, "समुद्र राहिला तिकडे वसईला, शेती आपली भिवंडीत. मग पाऊस बिघडला की तुम्ही समुद्राचं नाव का घेता?" प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

२०१९ ची दिवाळी आठवा. त्या वर्षी देशातून पाऊस परतायला लागला तोच ९ ऑक्टोबरला. इतका उशीर नोंदींमध्ये पूर्वी कधी झाला नव्हता. आपण भात कापून खाचरात वाळत टाकलं आणि अरबी समुद्रात आधी 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' अशी दोन चक्रीवादळं उठली. दोन्हींपैकी एकही आपल्या किनाऱ्याला धडकलं नाही. तरी कोकणभर पाऊस पडला, कापलेलं भात पाण्यात राहिलं, लोंब्यांना कोंब फुटले. पेंढाही कुजला, म्हणजे गुरांचंही गेलं.

असं का झालं? चुलीवरचा तवा लगेच तापतो, खाली उतरवला की लगेच निवतो. अंघोळीच्या पाण्याचा हंडा तापायला वेळ घेतो, पण मग बराच वेळ गरम राहतो. जमीन म्हणजे तवा आणि समुद्र म्हणजे हंडा. म्हणून दिवसा समुद्राकडून गार खारा वारा येतो, रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो. पावसाळी वाऱ्यांचं मूळही याच फरकात आहे.

आता कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जो वायू हवेत साठतो, तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो. त्यामुळे अडकलेल्या जादा उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा समुद्र पोटात घेतो. त्या वायूचाही सुमारे पाव हिस्सा तोच शोषतो. समुद्र नसता तर जमिनीवर राहणं कठीण झालं असतं. पण हंडा शेवटी तापतोच. १९५० पासून हिंदी महासागराचं वरचं पाणी एक अंशाहून जास्त तापलं आहे.

एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो, आम्हालाही वाटला होता. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. ती वाफ कुठेतरी रिती होणारच. शिवाय पाणी साधारण २६-२७ अंशांच्या वर गेलं की चक्रीवादळाला खाद्य मिळतं. पूर्वी वादळं म्हटली की बंगालचा उपसागर. अरबी समुद्र त्या मानाने शांत होता. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ पासूनच्या नोंदी तपासल्या, तर अरबी समुद्रातली वादळं सुमारे निम्म्याने वाढलेली दिसली. ३ जून २०२० चं 'निसर्ग' आणि मे २०२१ चं 'तौक्ते' आपण पाहिलंच आहे. २०१९ मध्ये तर महासागराची आफ्रिकेकडची बाजू नेहमीपेक्षा फारच तापली होती.

दुसरी वाट खाडीची. आपली कामवारी नदी खाडीला मिळते आणि खाडी समुद्राला. भरतीच्या वेळी नदीचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भिवंडीतही घराघरांत पाणी शिरलं. पाणी तापलं की फुगतं, बर्फही वितळतो, त्यामुळे समुद्राची पातळी वर येते आहे आणि भरती आणखी आत येते. काठावरची तिवरं लाटांचा जोर मोडतात, चिखलात कार्बन धरून ठेवतात. त्यावर भराव टाकून गोदामं उभी राहतात, ते आम्हाला पटत नाही.

आमच्या गटाने आता दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. कापणीआधी मुंबईच्या हवामान केंद्राचा ठाणे जिल्ह्याचा पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज एकजण मोबाईलवर बघते आणि सगळ्यांना सांगते. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र असेल, तर पिकलं तरी सगळं एकदम कापत नाही. जेवढं त्याच दिवशी उचलून खळ्यावर झाकता येईल, तेवढंच कापतो. आणि खाडीकाठच्या बायका पावसाळ्यात अमावस्या-पौर्णिमेला भरतीची वेळ बघून ठेवतात, म्हणजे कोठीतलं धान्य आधीच माळ्यावर चढवता येतं.