कासवाचे आवार कसे बांधावे

मागे एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, “सर, कासवासाठी अंगणात आवार बांधायचे आहे; विटा किती लागतील?” विटांचा हिशेब करण्यापूर्वी आम्ही विचारले, “कासव कोणते?” पाठीवर पिवळ्या तारका असलेले आपल्या देशातील तारा-कासव असेल, तर आवाराचा प्रश्नच उरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते घरी ठेवणे गुन्हा आहे. बरकतीसाठी ठेवले तरीही गुन्हाच. ते वनखात्याच्या स्वाधीन करावे.

मुलाचे कासव आफ्रिकेतील ‘सुलकाटा’ जातीचे निघाले. अशा परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. ती झाल्यावर आम्ही कामास लागलो.

पहिल्या खेपेस चूक आमचीच झाली. आम्ही तारेची जाळी सुचविली. पलीकडचे दिसत असल्याने कासव दिवसभर जाळीस ढुसण्या देई. त्याचे नाक रक्ताळले. सबब भिंत आरपार न दिसणारी हवी. विटांची किंवा दगडी, दोन फूट उंच, आणि वर आतल्या बाजूस थोडी फरशी पुढे आलेली असावी.

खरे काम जमिनीखाली आहे. हे कासव बिळे खोदणारे. पाया दोन फूट खोल घ्यावा व भिंतीच्या बुडाशी आतून जाड फरशा पुराव्या. इंदूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीस तडे पाडते. म्हणून पायातील काळी माती काढून मुरूम ठोकून भरावा. आवारास उतार देऊन पाणी जाण्यास भोके ठेवावी व त्यांस जाळी बसवावी.

एका कोपऱ्यात फूटभर उंच जोत्यावर छप्पर असलेली खोली करावी. दार पूर्वेस असावे. सकाळचे ऊन मिळते व नैर्ऋत्येचा पाऊस आत येत नाही. मालव्याची रात्र आपणांस गोड वाटते, पण थंडीतील गारठा व ओल या प्राण्यास फुफ्फुसाचा विकार जडवितात. अशा रात्री त्यास घरातच घ्यावे.

अर्ध्या आवारात सावली, अर्ध्यात ऊन ठेवावे. काचेतून आलेले ऊन पुरत नाही. कवच मजबूत होण्यास उघडे ऊनच लागते. आत हरळी व जास्वंद लावावी, कण्हेर मात्र कदापि नको. ती विषारी आहे. पाण्याचे ताट उथळ, जमिनीत बसविलेले असावे. पिल्लू लहान असेल तर कावळे, मुंगूस व कुत्री यांच्यासाठी वरूनही जाळी हवी.

हे कासव पन्नास वर्षांहून अधिक जगते आणि मोठेपणी त्याचे वजन पन्नास किलोच्याही पुढे जाऊ शकते. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील ‘अद्वैत’ हे महाकाय कासव २००६ मध्ये वारले, तेव्हा त्याची देखभाल करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या. म्हणून पहिली वीट बसविण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे, की आपल्यामागे यास कोण पाहील. त्या मुलाच्या घरी हे उत्तर त्याच्या धाकट्या बहिणीने दिले, तेव्हाच आम्ही विटांचा हिशेब मांडला.