इमारत आणि आपण (भाग ६) : पडदा, आवाज आणि हरित प्रमाणपत्र

हरित प्रमाणपत्रे कोणकोण देते, हे मागच्या भागात पाहिले. आता निवडीकडे वळू. त्यासाठी जव्हार-मोखाड्याकडची एक इमारत डोळ्यांसमोर आणू : शंभर-दीडशे माणसांचे सभागृह, त्यात प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर, ध्वनिक्षेपक. दिवसा आश्रमशाळेची मुले तिथे शैक्षणिक फिती पाहतील, एरवी बोहाडा या मुखवट्यांच्या लोकनाट्याची किंवा तारपा या फुंकवाद्याची ध्वनिमुद्रणे ऐकवली जातील. अशा कामात दृक्‌श्राव्य यंत्रणा बसवणाऱ्याला सगळ्यात शेवटी बोलावतात आणि प्रमाणपत्राचे वास्तुविशारद बघून घेईल म्हणतात. माझ्या मते घोळ इथेच सुरू होतो.

सुरुवात छपरापासून करायला हवी. जव्हारच्या पावसात पत्र्याखाली बसलेल्या वर्गाला शिक्षकांचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे नीट ऐकू येत नाही. मग ध्वनिक्षेपक मोठा करायचा. तो मोठा केला की सिमेंटच्या उघड्या भिंतींवर आवाज आपटून घुमू लागतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. यावर आणखी वॅट ओतून काही साधत नाही. पत्र्याखाली आवाज शोषणारा जाड थर आणि त्याखाली छत, किंवा सरळ कौले, आणि मागच्या भिंतीला मऊ आवरण एवढे केले तर लहान ॲम्प्लिफायरवर काम भागते. छपराचा तोच थर उन्हाळ्यात आत येणारी उष्णताही अडवतो. आवाजावर केलेला खर्च असा विजेतही वसूल होतो.

प्रमाणपत्रे याची दखल कितपत घेतात? अमेरिकेच्या ‘लीड’ पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत शाळांसाठी ध्वनीची अट मुळातच बंधनकारक आहे. वर्गातल्या वातानुकूलन यंत्रणेचा आवाज ४० डेसिबलच्या वर जाता कामा नये आणि घुमणेही मर्यादेत हवे. पण तिचा मुख्य रोख वातानुकूलनावर आहे आणि आपल्या सभागृहात पंखेच असणार. केंद्र सरकारने २००७ मध्ये स्वीकारलेली, ‘टेरी’ या संशोधन संस्थेने घडवलेली ‘गृह’ पद्धत उष्णता, उजेड आणि ध्वनी या तिन्हींची सोय पाहते. इथल्या हवेला ती मला जवळची वाटते. मात्र मूळ ‘गृह’ २,५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांसाठी आहे. त्याहून लहान इमारतींसाठी ‘स्वगृह’ आहे, १४ निकष आणि ५० गुणांची. आपले सभागृह तिच्यात बसते.

वसई-विरारकडचा बांधकाम व्यावसायिक हीच निवड वेगळ्या कारणाने करतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत प्रमाणपत्राच्या दर्जानुसार तीन, पाच किंवा सात टक्के जादा चटईक्षेत्र मिळते. मोखाड्यातल्या एकमजली सभागृहाला त्या बक्षिसाचा काही उपयोग नाही. तिथे प्रमाणपत्र हवे ते वापराच्या हिशेबासाठी.

आणि हा हिशेब डोळे उघडणारा आहे. समजा, प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर वगैरे मिळून चालू असताना ६०० वॅट घेतात आणि सभागृह आठवड्यातून दोन तास वापरले जाते. वर्षाचे शंभरेक तास म्हणजे ६० युनिट. आता हीच यंत्रे रिमोटने ‘बंद’ करून तशीच प्लगला ठेवली आणि ॲम्प्लिफायर चालूच राहिला, असे मिळून ४० वॅट खेचत राहिले, तर वर्षाला ३५० युनिट होतात. वापरापेक्षा न वापरण्याची वीज जवळपास सहापट! बहुतेक पद्धती ही यंत्रे ‘प्लगवरचा भार’ म्हणून इमारतीच्या एकूण विजेत धरतात. पण कपाटामागची वायर कोणी काढायची, हे गुणपत्रिका ठरवत नाही.

ही उणीव ओळखून ‘इन्फोकॉम’ या दृक्‌श्राव्य व्यवसायाच्या जागतिक संघटनेने (२०१७ पासून तिचे नाव ‘एव्हीक्सा’) ‘स्टेप’ नावाची पद्धत मांडली होती. तिच्यात इमारतीऐवजी तिच्यातल्या तंत्रज्ञानाला गुण होते, अगदी आखणीपासून रोजच्या वापरापर्यंत. तिचा फलक भिंतीवर लावायच्या मागे लागू नये. तिची विचार करण्याची रीत मात्र घ्यावी.

पाण्याचे काय? वैतरणेवरची धरणे मुंबईची तहान भागवतात आणि चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. म्हणून छपरावरच्या पावसाची साठवण मी इथे गुणांसाठी नव्हे, गरज म्हणूनच धरतो. जागतिक बँक समूहातल्या आयएफसीची ‘एज’ पद्धत ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्याचा पर्यावरणावरचा भार, या तिन्हींत किमान २० टक्के कपात मागते. ती सोपी आणि रोखठोक आहे, पण ध्वनीकडे बघत नाही. पडदा आणि आवाज हेच काम असलेल्या इमारतीला ती एकटी पुरणार नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. इमारतीसाठी ‘स्वगृह’ घ्यावे आणि यंत्रणेच्या अटी निविदेतच लिहाव्यात. सगळ्या यंत्रांना दाराजवळ एकच मुख्य स्विच. ॲम्प्लिफायर डी वर्गाचा, कारण जुन्या एबी वर्गात निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत जाते. प्रोजेक्टर लेझरचा : दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये पारा असतो, दिवा काही हजार तासांत बदलावा लागतो, आणि फुटका दिवा टाकायचा कुठे हा प्रश्न डोंगरातल्या गावाला शहरापेक्षा जास्त छळतो. जुनी यंत्रे परत नेण्याची जबाबदारी पुरवठादाराची, तीही लेखी. आणि पैसे अदा करण्यापूर्वी एक चाचणी भर पावसात, आषाढात, मुले बसवून घ्यावी.

पुढच्या भागात : सौर पॅनेल आणि महावितरणचे नेट मीटरिंग.